ऊस कोणाच्या वावरातला

सुनेनं, विधीनं, चांदीचे चिमुकले कलश परातीत मांडले. बाहेर मांडवात बायकांनी तपाची गाणी धरली. आणि जिच्यासाठी हा सगळा थाट होता ती जतनबाई आतल्या खोलीत पाटावर बसून लेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"आज नको, बाई," जिनेश म्हणाला. "आज तुझं पारणं. जामनेरचं पुढच्या आठवड्यात बघू."

"पुढच्या आठवड्यात काय बदलणार आहे?"

"काही नाही."

"मग आज का नको?"

जिनेशनं खिशातून मोबाइल काढला, उगाच पाहिला, परत ठेवला. ही त्याची लहानपणापासूनची खोड. तेव्हा मोबाइल नव्हते, तेव्हा तो पाटी पुसत बसायचा. खोटं बोलायची वेळ आली की त्याच्या हातांना काम सुचायचं, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं, एक त्याला सोडून.

जतनबाईनं वर्षभर वर्षीतप केलं होतं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, पुन्हा उपास. डॉक्टरनं हात जोडले, जिनेशनं रागावून पाहिलं, पण बाई ऐकते थोडीच! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाचा रस पिऊन हे तप सुटतं. त्या रसासाठी लागणारा ऊस तिनं तप धरलं त्याच आठवड्यात नदीकाठच्या वावरात, केळीच्या बांधाला लावून घेतला होता. दोन्ही बरोबरीनं वाढले. मी वाळले आणि ऊस माजला, असं ती स्वतःच हसून सांगायची. आज मात्र तिला हसू येत नव्हतं.

नदीकाठचं वावर आणि सडकेचं वावर. या दोन वावरांची गोष्ट पहूरमधल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. सडकेचं वावर जतनबाईच्या नवऱ्याचं, चंपालालचं. खडकाळ, कुसळं उगवायची मारामार. वाघूरच्या काठचं काळंभोर वावर भाईदासचं; त्याच्या बापानं, सुकदेवबाबानं, वरणगावच्या फॅक्टरीत राबून घेतलेलं. चाळीसेक वर्षांपूर्वी एका आखाजीला दोघांनी वावरं बदलली. चंपालालला केळी लावायची होती. आणि भाईदासची बायको, कलाबाई, हटूनच बसली होती. तिचं माहेर धुळ्याकडलं. इतकी वर्षं पहूरला काढूनही तिची अहिराणी काही सुटली नाही. "माले नदी नको, माले सडक जोयजे," ती तेव्हा म्हणाली होती. "नाल्याले पूर उना की पोरे घर बसतस. सडकवर ऱ्हायनूत तं शाळामा जातीन." सगळा गाव भाईदासला हसला, सोन्यासारखी माती देऊन दगड घेतले म्हणून.

चंपालाल म्हणजे काडेपेटी घेतली तरी लिहून ठेवणारा माणूस. पण या अदलाबदलीची त्यानं एक ओळ लिहिली नाही, कचेरीची पायरी तर चढलाच नाही. म्हणाला, आखाजीला केलेलं अक्षय असतं. ते लिहिलं म्हणजे त्यावर शंका घेतली. भाईदासनंही मान डोलावली. दोन शहाणी माणसं एकत्र बसली की एखादा मूर्खपणा अगदी एकमतानं होतो. सातबारा होता तसाच राहिला. कागदावर सडकेचं वावर चंपालालचं आणि नदीचं भाईदासचं, प्रत्यक्षात उलटं. कलाबाईनं आणि भाईदासनं बैलगाडीनं गाळ आणून त्या दगडांवर माती चढवली. त्यांच्या प्रशीलनं तिथे मिरची-पपईच्या रोपांची नर्सरी उभी केली. तोवर कुणाचं काही अडलं नाही. मग सडक रुंद झाली, आणि दगडांना भाव आला.

आता चंपालाल गेला होता, भाईदासही गेला होता. उरल्या होत्या दोन बायका. सरकारनं सलोखा योजना काढली: एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं बारा वर्षांहून जास्त चाललेलं असेल, तर नावापुरत्या खर्चात अदलाबदलीचा दस्त करून घ्या. जतनबाईला हे कळल्यापासून तिनं जिनेशची पाठ सोडली नव्हती. तलाठी येऊन पंचनामा करून गेला. जामनेरच्या कचेरीतली वेळ तिनं मुद्दाम आजची, आखाजीच्या दुपारची, मागून घेतली. जे आखाजीला अर्धवट राहिलं ते आखाजीलाच पुरं व्हावं, एवढंच तिच्या मनात होतं.

"खरं सांग," ती म्हणाली.

जिनेशनं दार लोटून घेतलं. "जळगावची एक पार्टी आहे. पेट्रोलपंपासाठी जागा बघतेय. सडकेचं वावर जसं आहे तसं घ्यायला तयार आहे. ताब्याचं ते बघून घेतील."

"ताब्याचं म्हणजे प्रशीलचं. आणि बघून घेतील म्हणजे हाकलतील."

"सातबारा आपल्या नावावर आहे, बाई. तुझ्या, माझ्या, रिद्धीच्या. कागद काय म्हणतो ते खरं. तोंडी बोलण्याला काय किंमत?"

"तुझ्या बाऊजींचं तोंड होतं ते."

"हो ना!" जिनेशचा आवाज चढला. "मी एकदा दुकानातलं एक पोतं लिहायला विसरलो, तर याच बाऊजींनी मला गिऱ्हाइकांसमोर उभं केलं होतं. लिहिलं नाही ते झालंच नाही, म्हणाले. पोटच्या पोरावर भरवसा नाही, आणि भाईदासकाकाला मात्र तोंडानं वावर! मी त्यांनी शिकवलं तेच करतोय."

जतनबाईला हे लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं. त्या दिवशी रडून लाल झालेलं त्याचं तोंड तिनंच पदरानं पुसलं होतं. पण लेकाचं दुःख खरं असलं म्हणून त्याचं म्हणणं खरं ठरत नाही, हेही तिला कळत होतं.

तिनं खिडकीशी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. रिद्धी आखाजीसाठी धुळ्याहून माहेरी आली होती. दस्त अदलाबदलीचा होवो की विक्रीचा, तिघांच्याही सह्या लागणार होत्या.

"तू सही करणार, रिद्धी? कशावर?"

रिद्धीनं बांगडी फिरवली. "दादानं मला अर्धा हिस्सा कबूल केलाय."

"म्हणजे दोघांचं ठरलंय तर."

"बाई, दर आखाजीला मला साडी मिळते, आंब्याची पेटी मिळते. वावरातला वाटा हा शब्द माझ्यापुढे कुणीतरी आत्ता पहिल्यांदाच काढला. तूही कधी काढला नव्हतास."

"तुला वाटा पाहिजे? नदीच्या वावरात घे."

"नदीचं वावर आपल्या नावावर आहे कुठे?" रिद्धी फटकन बोलून गेली. "ते तर भाईदासकाकाच्या घरच्यांच्या नावावर."

जतनबाईनं तेच वाक्य मनात परत एकदा म्हणून पाहिलं. मग पदर सावरून पाटावर नीट बसली. उपासानं डोकं हलकं होतं आणि विचार लख्ख चालतो, असं ती नेहमी म्हणायची. घरातल्यांना ते पटत नसे. आज पटणार होतं.

दार ढकलून विधी आत आली. "बाई, कलाबाई आल्यात. प्रशीलभाऊही आहेत. बाहेर बसवू?"

"आत आण."

"आत कशाला?" जिनेश म्हणाला.

"कारण बोलणं त्यांच्याबद्दलच चाललंय," जतनबाई म्हणाली.

कलाबाई आली ती दोन डांगरं, म्हणजे खरबुजं, आणि आंब्याची पिशवी घेऊन. आखाजीला रिकाम्या हातानं कुणी येत नाही. या घरात पूर्वी तिचा चहाचा कप वेगळा असायचा, मागच्या कोनाड्यात पालथा घातलेला. विधी सून म्हणून आली आणि पहिल्याच महिन्यात तो कप तिच्या हातून फुटला. चुकून, म्हणाली. नवा आणायचा विषय मग कुणी काढला नाही. जतनबाईनं त्या दिवशी सुनेला पहिल्यांदा नीट निरखून पाहिलं होतं.

"शेठाणी, तुमना पारणाना दिन शे म्हनीसन उनू," कलाबाई खाली बसत म्हणाली. "भांडाले नही उनू. पन हाऊ पोऱ्या आयकत नही."

प्रशील उभाच राहिला. चाळिशी उलटलेला, शांत माणूस. पण आज त्याच्या कपाळाची शीर दिसत होती. "काकू, काल नर्सरीत चार माणसं टेप घेऊन फिरत होती. रोपं तुडवली. विचारलं तर म्हणे, मालकानं पाठवलंय. मालक कोण, जिनेशभाऊ?"

"कागद बघ," जिनेश म्हणाला.

"बघितला. मग दुसराही बघितला. नदीचं वावर माझ्या मायच्या आणि माझ्या नावावर आहे. उद्या मी तुमच्या केळीला तारेचं कुंपण घालतो."

"घाल. मी कोर्टात जातो."

"जा. केळीचा घड तुमच्या निकालाची वाट बघत झाडावर थांबणार नाही. माझी रोपं मी तुमच्या पंपावरही विकीन."

"प्रशील, तोंड सांभाळ!"

"तुम्ही शब्द सांभाळा, मी तोंड सांभाळतो."

मांडवातलं गाणं थांबलं होतं. बाहेरच्यांचे कान दाराला लागले आहेत हे जतनबाईला न बघताही कळलं. तिनं विधीला खूण केली. विधीनं परातीतला पहिला कलश भरून आणला आणि तिच्यापुढे धरला. रस ताजा होता, हिरवट, वर फेस.

जिनेशनं सुटकेचा श्वास टाकला. "घे बाई. आधी तप सोड. बाकीचं मग बोलू."

"हा ऊस कुठला?" जतनबाईनं विचारलं.

"कुठला म्हणजे? आपल्याच वावरातला. तूच लावून घेतलास."

"कोणतं वावर?"

"नदीचं."

"ते कोणाचं?"

जिनेशनं पुन्हा मोबाइल काढला.

"आत्ताच तू म्हणालास, कागद म्हणतो ते खरं. रिद्धी म्हणाली, नदीचं वावर आपल्या नावावर नाही. दोघं शिकलेले, मी तुमचंच ऐकते. मग हा ऊस कलाबाईच्या वावरातला. तिला न विचारता तोडलेला. न दिलेलं घ्यायचं नाही, हे मी चार वर्षांची असताना पाठ केलं. वर्षाचं तप मी चोरीच्या रसानं सोडू?"

"चोरीचा कसा? आपण लावला, आपण पाणी दिलं, आपण जपला!"

"अस्सं," जतनबाई म्हणाली. "लावणाऱ्याचा आणि जपणाऱ्याचा असतो होय? मग सडकेवरच्या दगडांवर माती कुणी चढवली?"

रिद्धी पुढे झाली. "बाई, असं करू नकोस. तपाच्या बदल्यात काही मागितलं की तप वाया जातं. महाराजसाहेब काय म्हणतील?"

"मी काय मागितलं? काहीच नाही. मी फक्त ऊस कुणाचा ते विचारलं. उत्तर तुमच्याकडे आहे. दोन्ही वावरांना एकच उत्तर लावा, कुठलंही. मग मी रस पिते."

वाळून काडी झालेली म्हातारी आणि पुढे भरला कलश, हे कलाबाईला बघवेना. "शेठाणी, मी देस ना! मना ऊस आसंन तं मी दिधा. पी टाका."

तिनं हात पुढे केला तसा जतनबाईनं तो धरून थांबवला.

"तू देऊ नकोस, कलाबाई. तू तोंडानं दिलंस की जिनेश सुटला. तोंडी देणंघेणं आपल्या दोघींच्या नवऱ्यांनी पुष्कळ केलं. त्याचीच फळं आपण खातोय."

ती उठली. गुडघ्यांना कळ आली, विधीनं आधार दिला. दाराशेजारच्या खिळ्यावर नदीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली लटकत होती. तिनं ती काढली आणि कलाबाईच्या पुढ्यात, आंब्याच्या पिशवीवर ठेवली.

"कागद खरा ना, जिनेश? मग वावर त्यांचं, विहीर त्यांची, मोटार त्यांची. ऐन उन्हाळ्यात केळीला पाणी द्यायचं की नाही ते प्रशील ठरवेल."

"बाई!"

"किल्ली मी कसाले लेऊ?" कलाबाई मागे सरकली.

पण प्रशीलनं वाकून किल्ली उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "खाले ठेव ती," कलाबाई म्हणाली. "ठेवतो, माय," तो म्हणाला. "जामनेरला जाऊन येईपर्यंत माझ्याकडे राहू दे." जतनबाईला तो त्या क्षणी फार आवडला. फुकट मोठेपणा मिरवणारी माणसं तिला कधीच आवडली नव्हती. तिचा नवरा त्यातलाच एक होता, आणि त्याच्यावर तिचा जीव होता ही गोष्ट वेगळी.

बोलली ती रिद्धी. "बाई, अदलाबदलीचा दस्त झाला तर नदीच्या वावराला कुणाची नावं लागतील?"

"तिघांची. तुझंही."

"लिहून?"

"लिहून. तुझ्या भावाच्या कबुलीसारखं हवेत नाही."

रिद्धीनं भावाकडे पाहिलं. जिनेशनं नजर चुकवली आणि खिशाकडे हात नेला. ते बघून तिचं ठरलं. "मी आधारकार्ड घेऊन येते," ती म्हणाली आणि गेली.

"गाडी मी काढते," विधी म्हणाली.

"विधी, तूसुद्धा?" जिनेश म्हणाला.

"तुम्हाला चालवायची तर तुम्ही चालवा," विधी म्हणाली. "पण चालवा."

जिनेश खोलीच्या मधोमध उभा राहिला. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते जतनबाईला दुकानाच्या फळीवर लिहिल्यासारखं दिसत होतं: केळी, कुंपण, कोर्ट, आणि दाराबाहेर कान टवकारून बसलेली अख्खी बिरादरी. तो वाईट नव्हता. तो फक्त बापाशी भांडत होता, आणि बाप भांडायला जागेवर नव्हता. तिनं त्याच्या गालाला हात लावला, लहानपणी लावायची तसा.

"बाऊजी चुकले, जिनू. तुला चारचौघांत उभं केलं तेव्हाही चुकले आणि हे लिहिलं नाही तेव्हाही. पहिली चूक मला दुरुस्त करता येत नाही. दुसरी येते. ती तुझ्या सहीशिवाय होत नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ते त्यानं मनगटानं पुसलं. मग म्हणाला, "मांडवातल्या पाहुण्यांचं काय?"

"पाहुण्यांना जेवायला वाढा. उपाशी मी आहे, ते नाहीत."

निघताना तिनं विधीला सांगून बांधावरच्या उसाची उरलेली कांडकी डिकीत टाकायला लावली. भरलेला कलश तसाच परातीत राहिला.

जामनेरच्या कचेरीत आखाजीचा मुहूर्त साधायला झुंबड उडाली होती. व्हरांड्यात पंखा फिरत होता आणि वारा मात्र येत नव्हता. विधी पाण्याचं विचारायला आली आणि जीभ चावून मागे गेली. जतनबाई बाकावर कलाबाईला टेकून बसली. ओठ कोरडे पडले होते, डोळ्यांपुढे मधूनच काळोखी यायची, पण पाठ ताठ होती. कलाबाई आपल्या पदरानं तिला वारा घालत होती आणि प्रशीलला दर थोड्या वेळानं विचारत होती, "आपला नंबर उना का?"

नंबर आला. आतल्या बाईंनी कागद उलटले. "कुठली जमीन कुणाच्या ताब्यात आहे?"

"ज्याची त्याच्या," जतनबाई म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. प्रशीलनं घाईनं पंचनामा पुढे केला. मग एकेकाचा फोटो, एकेकाचा अंगठा. कलाबाईनं सही केली. मोठी, सावकाश, एकेक अक्षर उभं करत. सडकेच्या शाळेत पोरं गेली तेव्हा त्यांच्याच पाटीवर शिकलेली. प्रशीलनं केली, रिद्धीनं केली, जतनबाईनं केली. जिनेशचा नंबर शेवटी आला. मोबाइल बाहेर ठेवायला लावला होता. त्यानं लेखणी हातात घेतली, एकदा आईकडे पाहिलं. या वेळी त्याच्या हातांना दुसरं काही काम नव्हतं. त्यानं सही केली.

बाहेर आल्याबरोबर प्रशीलनं खिशातून किल्ली काढली आणि काही न बोलता जिनेशच्या हातावर ठेवली. जिनेशनं ती मुठीत धरली. "उद्या सडकेच्या वावरात येतो," तो म्हणाला. "रोपं किती तुडवली ते बघायला."

कचेरीच्या फाटकाशी रसवंतीची गाडी होती. जिनेश स्वतः डिकीतला ऊस घेऊन गेला, चरकवाल्याला यंत्र धुवायला लावलं, बर्फ नको म्हणून दोनदा बजावलं आणि कांडकी आपल्या हातानं चरकात सारली. विधीनं चांदीचा एक रिकामा कलश पदराखालून काढला. तो तिनं कधी सोबत घेतला हे कुणालाच कळलं नव्हतं.

जतनबाई लिंबाच्या सावलीत पायरीवर पूर्वेकडे तोंड करून बसली. तप सोडवायचा मान लेकाचा. दस्त करायला आलेली अनोळखी माणसंही थबकली. जिनेश भरला कलश घेऊन तिच्यापुढे वाकला.

"घे बाई. आता वावर आपलं, ऊस आपला. कागदावरही."

"थांब रे जिनेश," मागून कलाबाई म्हणाली. तिनं पुढे होऊन कलशाला हात लावला. तिच्या डोळ्यांत हसू होतं. "कागद आते व्हयना. ऊस तोडा तो सकायना. तोडा तव्हय वावर मनं व्हतं. म्हनीसन हाऊ ऊस मना शे."

सकाळी तोडलेला ऊस, दस्त दुपारचा! जिनेश तिच्याकडे बघतच राहिला. मग आईकडे. जतनबाई फक्त वाट बघत होती. जिनेशनं कलश कलाबाईच्या हातात दिला.

"ल्या शेठाणी," कलाबाई म्हणाली. "आते मी देस."

जतनबाईनं ओंजळ पुढे केली.